ताणलेल्या स्फटिकातला विभव: मोजणीची पार्श्वभूमी

अर्धवाहकाचा स्फटिक ताणला की त्याचे विद्युत गुणधर्म बदलतात, ही गोष्ट जुनी. १९५० मध्ये बार्डीन आणि शॉकली यांनी ताणामुळे ऊर्जापट्टे (इलेक्ट्रॉनांना मुभा असलेल्या ऊर्जांचे पट्टे) कसे सरकतात याचा सिद्धांत मांडला. १९५४ मध्ये चार्ल्स स्मिथ यांनी सिलिकॉन आणि जर्मेनियमचा रोध ताणाखाली किती बदलतो ते मोजले. पण ती मोजणी अख्ख्या तुकड्याची होती. आत, काही नॅनोमीटरांत विभव (विद्युत पातळी, व्होल्टमध्ये मोजतात ती) कसा चढतो-उतरतो हे कळायला मार्ग नव्हता.

तो मार्ग भलत्याच कामातून निघाला. डेनिस गाबोर यांनी १९४८ मध्ये होलोग्राफी (दोन तरंग एकमेकांवर पाडून प्रतिमा नोंदवण्याची रीत) सुचवली ती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची प्रतिमा सुधारावी म्हणून. लेसर तेव्हा नव्हताच. पुढच्या दशकात म्योलेनश्टेट आणि ड्युकर यांनी इलेक्ट्रॉन द्विप्रिझम बनवला. विद्युतभारित अशी एक अतिशय बारीक तार. तिच्या एका बाजूने नमुन्यातून आलेला तरंग जातो, दुसऱ्या बाजूने निर्वातातून आलेला, आणि पुढे दोघे एकमेकांवर पडून पट्ट्या उमटतात. नमुन्यातल्या विभवाने तरंगाची कला (फेज, म्हणजे तरंग आपल्या चक्रात कुठे आहे ती स्थिती) जितकी सरकते, तितक्या या पट्ट्या हलतात. १९९९ मध्ये याच रीतीने ट्रान्झिस्टरमधल्या विभवाचा द्विमितीय नकाशा प्रसिद्ध झाला.

ताण मोजण्याची निकड उद्योगातून आली. इंटेलने २००३ मध्ये चिपच्या ९० नॅनोमीटर पिढीत ताणलेले सिलिकॉन आणले. २००८ मध्ये तुलूझच्या मार्टिन हिच आणि सहकाऱ्यांनी विवर्तित (स्फटिकातल्या अणूंच्या रांगांनी वळवलेले) किरण वापरून थेट ताणाचाच नकाशा काढणारी कृष्णक्षेत्र होलोग्राफी दाखवली.

खरी अडचण विभव आणि ताण या दोन मोजण्यांच्या सीमेवर आहे. सिलिकॉनचा सरासरी अंतर्गत विभव (स्फटिकातल्या अणूंमुळेच असलेला, निर्वाताच्या तुलनेतला) सुमारे १२ व्होल्ट. स्फटिकाचे घनफळ एक टक्का वाढले तर तो अंदाजे एक टक्का, म्हणजे ०.१२ व्होल्ट उतरतो. पी-एन संधीवरचा (वेगवेगळ्या अशुद्धी मिसळलेले दोन भाग जिथे मिळतात तिथला) विभवाचा फरक एका व्होल्टच्या आसपास असतो, तेव्हा ही चूक दुर्लक्षिण्याजोगी नाही. शिवाय पातळ काप घेताच पृष्ठभागाशी ताण सैलावतो, जालक (अणूंची नियमित मांडणी) किंचित कलतो, विवर्तन बदलते आणि तेही कलेत मिसळते. गॅलियम नायट्राइडमध्ये तर ताण स्वतःच दाबविद्युत क्षेत्र निर्माण करतो. तिथे ताण वगळून विभव सांगताच येत नाही.

म्हणून नुसत्या कलानकाशाला ‘विभवाचा नकाशा’ म्हणणे मला धाडसाचे वाटते. त्याच कापावर ताण वेगळा मोजावा, सैलावण्याचे गणित मांडावे, आणि मगच उरलेल्या कलेचा अर्थ लावावा.