डी.एड. करायचं की बी.एड.? आधी वर्ग ठरवा, मग कोर्स

"सर, बी.एड.च करू दे पोरीला. मोठी डिग्री झाली की त्यात डी.एड. आलंच की!"

बारावीचा आणि पदवीचा निकाल लागला की सातारा-सांगलीकडे हे वाक्य दर दोन घरांआड ऐकू येतं. इतर नोकऱ्यांचा अनुभव धरला तर ते चूकही नाही. बारावी पात्रतेच्या जागेला पदवीधर अर्ज करतो आणि कुणी त्याला अडवत नाही. शिक्षकाच्या नोकरीत मात्र हा हिशेब पूर्ण फसतो. आज पहिली ते पाचवीच्या वर्गाला शिकवायला बी.एड. झालेला उमेदवार अपात्र आहे, मग तो एम.एस्सी. पहिल्या वर्गात पास का झालेला असेना. आणि नववी-दहावीला नुसतं डी.एड. चालत नाही. एक कोर्स दुसऱ्याच्या पोटात मावत नाही.

हा गोंधळ लोकांनी उगीच करून घेतलेला नाही, सरकारी कागदांनीच तो वाढवला. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने, म्हणजे एनसीटीईने, २८ जून २०१८ला अधिसूचना काढून बी.एड.वाल्यांना पहिली ते पाचवीसाठी दार उघडलं. अट एवढीच होती की नेमणुकीनंतर सहा महिन्यांचा ब्रिज कोर्स, म्हणजे जोड-अभ्यासक्रम, करायचा. त्या काळात "आता डी.एड.चं काय काम?" असं म्हणत अनेकांनी थेट बी.एड. गाठलं. पुढे राजस्थानातल्या शिक्षकभरतीवरून वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि ११ ऑगस्ट २०२३ला न्यायालयाने ती अधिसूचनाच रद्द ठरवली. लहान मुलांना शिकवणं हे वेगळं कौशल्य आहे आणि बी.एड.चा अभ्यासक्रम त्यासाठी तयार केलेलाच नाही, हा निकालाचा गाभा. एप्रिल २०२४मध्ये न्यायालयाने स्पष्ट केलं की त्या तारखेआधी नियमित नेमणूक झालेल्यांची नोकरी जाणार नाही. नव्याने येणाऱ्यांसाठी मात्र ते दार बंद झालं. २०१८ ते २०२३ या काळात ज्यांनी सल्ला घेतला, त्यांच्या डोक्यात अजून जुनाच नियम आहे, आणि तोच ते धाकट्या भावंडांना सांगत असतात.

खरं तर साताऱ्याला हा फरक नवा वाटायला नको. रयत शिक्षण संस्थेने १९३५मध्ये साताऱ्यात सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज काढलं, ते गावोगावच्या प्राथमिक शाळांना शिक्षक मिळावेत म्हणून. पुढे त्याचं महात्मा फुले अध्यापक विद्यालय झालं. संस्थेची हायस्कुलं वाढली तेव्हा कर्मवीर भाऊराव पाटलांनी तिथल्याच शिक्षकांवर भागवलं नाही. १९५५मध्ये माध्यमिक शिक्षकांसाठी आझाद कॉलेज ऑफ एज्युकेशन निघालं. एकच शहर, एकच संस्था, आणि दोन वेगळी कॉलेजं. आजही अध्यापक विद्यालयात डी.एड. होतं आणि शिक्षणशास्त्र महाविद्यालयात बी.एड. डी.एड.चं कागदावरचं नाव आता डी.एल.एड. झालंय, पण बोलताना डी.एड.च म्हणतात, म्हणून इथेही तेच ठेवतो.

आपल्याकडे गोंधळाला आणखी एक कारण आहे आणि ते फारसं कुणी सांगत नाही. कायद्याच्या दृष्टीने टप्पे असे पडतात: पहिली ते पाचवी, सहावी ते आठवी, नववी-दहावी आणि अकरावी-बारावी. गावातल्या शाळा मात्र तशा उभ्या नाहीत. जिल्हा परिषदेची शाळा कुठे चौथीपर्यंत, कुठे सातवीपर्यंत. संस्थेचं हायस्कूल बहुतेक ठिकाणी पाचवीपासून सुरू होतं. त्यामुळे हायस्कुलात पाचवीच्या वर्गावर डी.एड. झालेले गुरुजी असतात आणि शेजारच्या खोलीत दहावीला बी.एड. झालेले सर. बाहेरून बघणाऱ्याला दोघेही "हायस्कूलचे शिक्षक"च. मुलगा त्या गुरुजींना विचारतो, "तुम्ही काय केलं?" ते म्हणतात डी.एड., आणि पोरगं दहावीला शिकवायचं स्वप्न घेऊन अध्यापक विद्यालयाचा फॉर्म भरून मोकळं होतं.

म्हणून कोर्स निवडण्याआधी एकच प्रश्न स्वतःला विचारावा: मला कितवीला शिकवायचंय?

उत्तर पहिली ते पाचवी असेल तर डी.एड. बारावीनंतर दोन वर्षं, प्रवेश बारावीच्या गुणांवर. इथे सगळे विषय शिकवायची तयारी करून घेतात, कारण पहिलीच्या बाई एकाच दिवसात अक्षरं, बेरीज, परिसर, गाणी सगळं घेतात. मूल वाचायला कसं लागतं, संख्या त्याच्या डोक्यात कशी बसते, हा या कोर्सचा खरा मुद्दा. वयाच्या विसाव्या वर्षी हातात प्रमाणपत्र येतं, ही त्याची मोठी सोय, विशेषतः ज्या घरात पदवीची तीन वर्षं थांबायची ऐपत नाही तिथे.

उत्तर नववी-दहावी असेल तर बी.एड. आधी पदवी, किमान ५० टक्क्यांनी (राखीव प्रवर्गांना राज्यात सवलत आहे), मग राज्याच्या सीईटी कक्षाची बी.एड. सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, मग केंद्रीय फेऱ्यांतून प्रवेश. २०१५पासून हा कोर्स दोन वर्षांचा आहे. थोरल्या भावाने एका वर्षात केला असेल, तो जुना. अकरावी-बारावीसाठी त्या विषयात पदव्युत्तर पदवी ५० टक्क्यांनी आणि वर बी.एड.

मधली सहावी ते आठवी ही दोघांची सामायिक जागा आहे. पदवी आणि डी.एड. असेल तरी चालतं, पदवी आणि बी.एड. असेल तरी चालतं. टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, दुसरा पेपर मात्र दोघांनाही सुटत नाही.

आता बी.एड.बद्दल जरा सविस्तर, कारण फसगत इथे जास्त होते. बी.एड. म्हणजे एक सरसकट पदवी, ती मिळाली की कोणताही विषय शिकवता येतो, असं समजणारे खूप आहेत. तसं नाही. बी.एड.ला तुम्ही शालेय विषयांच्या अध्यापन पद्धती घेता, आणि त्या तुमच्या पदवीच्या विषयाशी जुळाव्या लागतात. भरतीची जाहिरातही विषयवार येते: गणित-विज्ञान इतक्या, इंग्रजी इतक्या, सामाजिक शास्त्रं इतक्या. म्हणजे माध्यमिक शिक्षक व्हायचा खरा निर्णय बी.एड.च्या फॉर्मवर नाही, बारावीनंतर पदवीचा विषय निवडताना होतो. तासगावच्या एखाद्या मुलीने "अकाउंटला स्कोप आहे" म्हणून बी.कॉम. केलं आणि नंतर बी.एड.ला आली, तर तिला नववी-दहावीत तिचा विषयच सापडत नाही. वाणिज्य आहे ते ज्युनिअर कॉलेजला, आणि तिथे एम.कॉम. लागतं. तिच्यासाठी रस्ता बंद नाही, पण दोन वर्षं लांब आहे आणि हे तिला बी.एड.च्या दुसऱ्या वर्षी कळणं वाईट. माझं मत विचाराल तर हायस्कूलचं ध्येय असलेल्याने बी.एस्सी. गणित किंवा बी.ए. इंग्रजी यांचा आधी विचार करावा. इतिहास-मराठी आवडत असेल तर जरूर घ्या, पण त्या विषयांच्या जागांमागे उभी असलेली रांग बघून घ्या.

बी.एड.मधली दुसरी गोष्ट म्हणजे शाळेतली उमेदवारी. पाठ टाचण, सूक्ष्म अध्यापन, सराव पाठ हे जुनंच आहे. एनसीटीईच्या २०१४च्या नियमांनी त्यात आंतरवासितेचा, म्हणजे इंटर्नशिपचा, मोठा भाग घातला. दोन वर्षांत मिळून वीस आठवडे प्रत्यक्ष शाळेशी संबंधित काम, त्यातले सोळा आठवडे दुसऱ्या वर्षात. वर्गातल्या हजेरीची अट ८० टक्के, आंतरवासितेची ९०. हे आकडे लक्षात ठेवा, खाली त्यांचं काम पडणार आहे.

कोर्स झाला म्हणजे शिक्षक झालो का? नाही. आपल्याकडे वकिलासारखी सनद शिक्षकाला मिळत नाही. कोर्स, पात्रता परीक्षा आणि भरतीची परीक्षा असे तुकडे जोडावे लागतात. त्यातल्या दोन परीक्षांची नावं बोलताना सारखीच ऐकू येतात, म्हणून थांबून सांगतो. टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा, १५० गुणांची, महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. पहिला पेपर पहिली ते पाचवीसाठी, दुसरा सहावी ते आठवीसाठी. ६० टक्के मिळाले की पास, राखीव प्रवर्गाला ५५, आणि प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं. टेट म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी. २०० गुण, २०० प्रश्न आणि वेळ फक्त दोन तास. तिथे पास-नापास नाही. पवित्र पोर्टलवर, म्हणजे राज्याच्या ऑनलाइन शिक्षकभरतीत, तुमचा नंबर कितवा लागतो ते या गुणांवर ठरतं. टेट २०१७, २०२३ आणि २०२५मध्ये झाली, यावरूनच संधी किती अंतराने येते ते समजा. पहिली ते आठवीला शिकवायचं तर टीईटीही लागते आणि टेटही. फक्त नववीपासून पुढे जायचं तर टीईटीची सक्ती नाही, टेट पुरते.

तरी बी.एड.वाल्यांनी टीईटीचा दुसरा पेपर देऊन ठेवावा, असं मी आग्रहाने सांगतो. सहावी ते आठवीच्या जागा त्याशिवाय हातच्या जातात. शिवाय १ सप्टेंबर २०२५च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने, पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या आणि सेवेची पाच वर्षांहून अधिक बाकी असलेल्या कार्यरत शिक्षकांनाही टीईटी लावली आहे. वीस-वीस वर्षं खडू झिजवलेली माणसं आज बालमानसशास्त्राची पुस्तकं काढून बसलीत. तुम्ही तरुणपणी ते उरकून टाका.

पगाराचं थोडक्यात. पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून मानधन: प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,०००, उच्च माध्यमिकला २०,००० रुपये. त्यानंतर सातव्या वेतन आयोगात डी.एड. पात्रतेच्या प्राथमिक शिक्षकाचं मूळ वेतन २९,२००पासून आणि माध्यमिकच्या प्रशिक्षित पदवीधराचं ३८,६००पासून सुरू होतं. फरक आहेच. पण या आकड्यावर कोर्स ठरवू नका, कारण मालक वेगवेगळे आहेत. प्राथमिकच्या जागा मुख्यतः जिल्हा परिषदेच्या. माध्यमिकच्या बहुतेक खासगी अनुदानित संस्थांच्या, आणि तिथे संचमान्यता (पटसंख्येवरून मंजूर होणारी पदं), बिंदुनामावली (आरक्षणाचा क्रम), विनाअनुदानित तुकडी (सरकारी अनुदान नसलेला वर्ग) हे शब्द रोजच्या जेवणाइतके सवयीचे होतात. जिल्हा परिषदेत बदली होऊन कोयनेच्या खोऱ्यात किंवा जतच्या टोकाला जावं लागेल. मोठ्या संस्थेत बदली थेट दुसऱ्या जिल्ह्यातही होते. साताऱ्याच्या सैनिक शाळेसारख्या ठिकाणी वर्गच सहावीपासून आहेत, त्यामुळे तिथे वर्गशिकवणीच्या जागांना नुसत्या डी.एड.चा उपयोग नाही.

दोन्ही कोर्स करावेत का? बारावीनंतर डी.एड., ते करून टीईटी-टेट देत देत पदवी, नोकरी लागली की यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं बी.एड., हा रस्ता आपल्या भागातल्या कितीतरी शिक्षकांनी चोखाळलाय, आणि मला तो शहाणपणाचा वाटतो. मुक्त विद्यापीठाचं ते बी.एड. आधीच प्रशिक्षित आणि सेवेत असलेल्यांसाठी आहे. सरळ पदवी घेऊन तिथे प्रवेश मिळत नाही. उलट्या दिशेने, म्हणजे आधी बी.एड. आणि मग डी.एड., करणारेही भेटतात. २०२३च्या निकालानंतर त्यांची संख्या वाढली असेल तर नवल नाही, पण वयाच्या पंचविशीत परत बारावीच्या पोरांबरोबर बाकावर बसायला मन घट्ट लागतं.

बारावीनंतर चार वर्षांत पदवी आणि बी.एड. एकत्र देणारा आयटीईपी हा नवा पर्याय नव्या शैक्षणिक धोरणातून आलाय, २०२३पासून निवडक संस्थांत. त्यात शिकवण्याचा टप्पा आधीच निवडावा लागतो आणि प्रवेशाला एनटीएची, म्हणजे केंद्राच्या राष्ट्रीय चाचणी संस्थेची, वेगळी परीक्षा आहे. एक वर्षाचं बी.एड. परत येणार ही बातमी एनसीटीईच्या २०२५च्या मसुद्याची आहे, आणि तेही चार वर्षांची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी असलेल्यांसाठी. तीन वर्षांच्या बी.ए.वाल्याने त्यासाठी थांबू नये.

आता ते हजेरीचे आकडे. मिरज, जत भागात "परराज्यातून बी.एड., फक्त परीक्षेला या" असं सांगणारे एजंट फिरतात. ९० टक्के हजेरीच्या आंतरवासितेचा कोर्स घरी बसून कसा होतो, एवढंच त्यांना विचारा. कॉलेजची एनसीटीई मान्यता त्या कोर्ससाठी आणि तेवढ्या जागांसाठी आहे का, हे परिषदेच्या संकेतस्थळावर बघता येतं. कागदपत्र तपासणीच्या वेळी ते उघड झालं तर फी आणि दोन वर्षं दोन्ही जातात, आणि एजंटचा फोन तोवर बंद असतो.

आणि पदवीला पन्नास टक्के भरत नाहीत म्हणून हातपाय गाळलेल्यांसाठी: एनसीटीईच्या नियमात ही अट पदवीत किंवा पदव्युत्तर पदवीत, कुठेही पुरी झाली तरी चालते. बी.ए.ला ४७ टक्के पडले असतील तर त्याच विषयात एम.ए. ५० टक्क्यांच्या वर काढा. बी.एड.चं दार उघडतं, आणि पुढे ज्युनिअर कॉलेजच्या जागेसाठी लागणारी पदवीही त्यातच हाती येते.