गाळ की क्षार? नळाच्या फिल्टरची धार बारीक झाली की आधी हे ओळखा

माझी मावशी पुण्यात उंड्रीला राहते. सोसायटीला बोअरचं आणि टँकरचं पाणी. स्वयंपाकघरातल्या नळाला तिने एक छोटा फिल्टर लावून घेतला होता. दिवाळीत नवीन कार्ट्रिज (फिल्टरच्या आतली बदलायची गाळणी) टाकलं, जानेवारीत धार करंगळीएवढी झाली म्हणून पुन्हा नवीन, आणि होळीच्या आसपास तिसरं. तिसऱ्या वेळी मी तिथे होतो. काढलेलं कार्ट्रिज टाकून देण्याआधी मी ते सुरीने उभं चिरलं. आतून ते जवळजवळ नव्यासारखं पांढरं होतं. पाणी अडलं होतं ते फिल्टरच्या तोंडाशी. तिथल्या जाळीच्या भोकांवर चुन्यासारखा कडक थर बसला होता. अर्ध्या वाटी व्हिनेगरमध्ये ती जाळी भिजत घातली आणि तेच जुनं कार्ट्रिज परत बसवलं, तर धार पहिल्यासारखी.

माझ्या घरी, सदाशिव पेठेत, नेमकं उलटं होतं. पाणी कॉर्पोरेशनचं, खडकवासला धरणाचं. जुलैमध्ये पहिला जोराचा पाऊस झाला की तीन आठवड्यांत कार्ट्रिज चहाच्या रंगाचं होतं. इथे जाळी कितीही व्हिनेगरमध्ये बुडवली तरी उपयोग नाही, कारण जाळी स्वच्छच असते. कार्ट्रिजच बदलावं लागतं.

मावशीकडे क्षार होते, माझ्याकडे गाळ. आपण दोन्हींना ‘पाणी खराब आहे’ एवढंच म्हणतो आणि दोन्हींवर कार्ट्रिज बदलणं हाच उपाय धरतो. त्यात पैसे तर जातातच, शिवाय मूळ दुखणं तसंच राहतं.

गाळ म्हणजे पाण्यात तरंगणारे कण: माती, बारीक वाळू, जुन्या लोखंडी पाइपातून सुटलेला गंज, टाकीच्या तळाचा चिखल. काचेच्या ग्लासात पाणी रात्रभर ठेवलं तर यातला बराचसा खाली बसतो. क्षार पाण्यात तरंगत नाहीत, विरघळलेले असतात. साखर विरघळलेल्या पाण्याकडे बघून त्यात साखर आहे हे जसं कळत नाही, तसंच. बोअरचं पाणी आरशासारखं नितळ असतं आणि तरी त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. आपल्याकडचा खडक काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट. पाणी त्याच्या भेगांतून मुरत मुरत खाली जाताना खडकातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सोबत घेतं. त्यालाच आपण जड पाणी म्हणतो. धरणातलं पाणी बहुतेक पावसाचं आणि जमिनीवरून वाहत आलेलं असतं. त्याला खडकाशी इतका सहवास मिळत नाही, म्हणून ते हलकं असतं, पण वाहताना माती मात्र आणतं.

आता आकार बघा, म्हणजे फिल्टर कुठे थकतो ते कळेल. गाळ पकडणारं साधं पांढरं कार्ट्रिज, ज्याला दुकानदार स्पन कँडल म्हणतात, ते बहुधा ५ मायक्रॉनचं असतं. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाच्या केसाची जाडी साधारण ७० मायक्रॉन, म्हणजे केसाच्या चौदाव्या हिश्श्याएवढा कण ते अडवतं. कॅल्शियमचा विरघळलेला कण एका नॅनोमीटरपेक्षाही (मायक्रॉनचा हजारावा भाग) लहान असतो, त्या भोकाच्या पाच हजारांशापेक्षाही कमी. मोठ्या वेशीतून मुंगी जावी तसा तो जातो. त्यामुळे नळाला लावायचा फिल्टर, मग तो गाळाचा असो की कार्बनचा (कोळशाचा), पाण्याचा जडपणा कमी करत नाही. कार्बन क्लोरीनचा वास आणि चव काढतो, ते त्याचं खरं काम, आणि ते तो उत्तम करतो. पण ‘फिल्टर लावला तरी गीझरमध्ये थर बसतोच’ ही तक्रार फिल्टरकडे करण्यात अर्थ नाही.

गाळातही एक पोटभेद आहे. चिकणमातीचे कण २ मायक्रॉनपेक्षा लहान असतात. म्हणून ऐन पावसाळ्यात पाणी ५ मायक्रॉनच्या कार्ट्रिजमधून येऊनही किंचित गढूळ दिसतं आणि माणूस म्हणतो, कार्ट्रिज नकली निघालं. ते नकलीच असेल असं नाही, कण त्याच्या आवाक्याबाहेरचे असतात. आपल्या आज्या यासाठी हंड्यात तुरटी फिरवत किंवा निवळीचं बी उगाळून घालत. मातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो, ते एकमेकांना दूर लोटतात आणि खाली बसत नाहीत. तुरटी तो भार मारते, मग कण एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि तळाशी जातात. पालिकेच्या जलशुद्धीकरण केंद्रातही हेच होतं, फक्त मोठ्या प्रमाणावर. हाच उपाय क्षारांवर करून बघा, काही फरक पडणार नाही. तरंगणाऱ्या कणाचं औषध विरघळलेल्याला लागू पडत नाही.

ओळखायची खूण एका वाक्यात सांगतो, कारण मला ती कळली तेव्हा बाकी सगळं सोपं झालं. गाळ अडतो तिथे बसतो, क्षार पाणी सुकतं किंवा तापतं तिथे बसतात. कार्ट्रिजच्या आत पाणी थंड असतं आणि ते कधी सुकत नाही, म्हणून तिथे मुख्यतः गाळ साचतो. नळाच्या तोंडाशी, जाळीवर, प्रत्येक वेळी नळ बंद केला की दोन थेंब राहतात आणि उडून जातात. त्यातले क्षार मागे राहतात. असे हजारो थेंब झाले की भोकं बुजतात. गीझरच्या कॉइलवर, चहाच्या भांड्यात, इस्त्रीत तर पाणी तापतं. तापल्यावर विरघळलेलं कॅल्शियम बायकार्बोनेट फुटून त्याचा न विरघळणारा कार्बोनेट होतो, आणि हा कार्बोनेट म्हणजेच तो पांढरा थर. म्हणून मावशीकडे तोंड बुजलं आणि माझ्याकडे पोट.

धार बारीक झाली की सगळ्यात आधी फिल्टर पूर्ण काढून नळ उघडा सोडा. एक लिटरची बाटली भरायला किती सेकंद लागतात ते मोजा. फिल्टरशिवायही धार तेवढीच बारीक असेल तर दोष फिल्टरचा नाही. नळाची स्वतःची जाळी, ज्याला प्लंबर फोम फ्लो म्हणतात, ती उघडून बघा. मग सिंकखालचा अँगल कॉक (नळाकडचं पाणी बंद-चालू करणारी तोटी) पूर्ण उघडा आहे का बघा. शेजारच्या घरातही धार कमी असेल तर टाकीची पातळी किंवा पंप बघायला हवा. उघड्या नळाची धार भरपूर असेल, तर फिल्टर कार्ट्रिज न टाकता, फक्त रिकामं घर (फिल्टरचं बाहेरचं कवच) म्हणून परत लावा आणि पुन्हा मोजा. नुसत्या घराने धार कमी झाली तर तोंडाची जाळी बुजलेली. घराने धार टिकली आणि कार्ट्रिज टाकल्यावर गेली, तर कार्ट्रिज भरलं. यासाठी पाच मिनिटं आणि एक बाटली पुरते. काही फिल्टर कार्ट्रिजशिवाय पाणी धरत नाहीत, बाजूने गळतात. तसं असेल तर जाळी काढून उजेडाकडे धरून बघितली तरी काम होतं.

जो थर सापडेल तो खरवडून त्याचा एक तुकडा चमच्यात घ्या आणि वर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस टाका. बुडबुडे आले, तुकडा हळूहळू विरघळला, तर क्षार. बुडबुडे नाहीत, नुसता चिखल पसरला, तर गाळ. विटकरी रंगाचा, बुडबुडे न येणारा थर असेल तर तो बहुधा गंज. मग जुनी लोखंडी लाइन किंवा टाकीचं लोखंडी झाकण तपासा.

इथे एक इशारा. व्हिनेगर किंवा लिंबाचं सत्त्व वापरत असताना त्याच बादलीत ब्लीचिंग पावडर किंवा टॉयलेट क्लीनर कधीही मिसळू नका. आम्ल आणि ब्लीच एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो, आणि स्वयंपाकघर ही बंदिस्त जागा असते. आणि व्हिनेगरमध्ये जाळी भिजवा, कार्ट्रिज नाही. कार्बनचं कार्ट्रिज आम्लात बुडवून ‘धुतलं’ तर त्याचा वास पुढे कित्येक दिवस पाण्याला येतो. स्पन कार्ट्रिज ब्रशने घासून परत लावणारेही मी पाहिलेत. वरचा थर निघतो, धार दोन दिवस बरी वाटते, पण गाळ आतल्या थरांत शिरलेला असतो आणि धागे सैल झालेले असतात. पुढचा गाळ मग थेट ग्लासात.

टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण पदार्थ) मोजणाऱ्या मीटरबद्दलही सांगायलाच हवं, कारण घरोघरी येणारे विक्रेते तो ग्लासात बुडवून लोकांना घाबरवतात. हे यंत्र पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतं, आणि त्यावरून विरघळलेले क्षार किती ते सांगतं. गाळ त्याला दिसतच नाही. पावसाळ्यात माझ्या नळाचं पाणी मातकट असतं तेव्हाही त्यावरचा आकडा लहानच येतो, आणि मावशीचं नितळ पाणी मोठा आकडा दाखवतं. म्हणजे हे मीटर क्षारांसाठी उपयोगी, गाळासाठी निरुपयोगी. भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्यात एकूण विरघळलेले पदार्थ लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत आणि दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालतात. जडपणासाठी हेच आकडे २०० आणि ६०० मिलिग्रॅम. गढूळपणा तिथे वेगळा मोजतात, एनटीयू या एककात: १ एनटीयू, आणि पर्याय नसेल तर ५. एकाच मानकात दोघांचे रकाने वेगळे आहेत, घरातही ते वेगळेच ठेवावेत.

मग क्षारांचं करायचं काय? नळाच्या फिल्टरकडून ती अपेक्षा ठेवू नका. जाळी दर पंधरा दिवसांनी व्हिनेगरमध्ये तासभर घाला आणि रात्री झोपताना नळाचं तोंड फडक्याने कोरडं पुसा. मावशी आता तेवढंच करते. अख्ख्या घराचं पाणी हलकं करायचं तर सॉफ्टनर लागतो. त्यातली रेझिन (प्लास्टिकसारखे बारीक मणी) कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवते आणि बदल्यात सोडियम सोडते, म्हणून तो मिठाच्या पाण्याने मधूनमधून ताजा करावा लागतो. सॉफ्टनर लावल्यावर टीडीएसचा आकडा फारसा कमी होत नाही, कारण एक क्षार जाऊन दुसरा येतो. हे माहीत नसलेले लोक यंत्र बिघडलं समजतात. वॉशिंग मशीनच्या नळाला स्फटिकांचं जे छोटं कार्ट्रिज लावतात, ते तर क्षार काढतही नाही, त्यांना फक्त चिकटू देत नाही. ते मशीनसाठी ठीक आहे. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात पूर्णेच्या खोऱ्यातलं विहिरीचं पाणी चवीलाच खारट लागतं. तिथे प्रश्न नुसत्या जडपणाचा नाही, आणि प्यायच्या पाण्याचा प्रश्न आरओशिवाय (विरघळलेले क्षारही अडवणाऱ्या यंत्राशिवाय) किंवा दुसऱ्या स्रोताशिवाय सुटत नाही. नळाचा फिल्टर त्या पाण्यापुढे काहीच करू शकत नाही, हे कुणीही विकताना सांगत नाही म्हणून इथे सांगतो.

कार्ट्रिजच बदलायचं ठरलं, तर आधी अँगल कॉक बंद करा आणि नळ सोडून आतला दाब काढा. घराची टोपी हाताने घड्याळाच्या उलट दिशेला फिरवा, पान्हा शक्यतो नको, प्लास्टिकचे आटे लगेच तडकतात. रबरी रिंग काढून तिच्या खोबणीतला कचरा पुसा. गळतीचं कारण बहुतेक वेळा तिथला एखादा वाळूचा कण असतो. रिंगेला व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल लावायची आपल्याकडे सवय आहे, पण काही रबर त्याने फुगतं, त्यामुळे खाद्यपदार्थांसाठी चालणारं सिलिकॉन ग्रीस घ्या, नसेल तर नुसतं पाणी लावा. टेफ्लॉन टेप नळाच्या आट्यांवर, आट्यांच्या टोकाकडून बघताना घड्याळाच्या दिशेने गुंडाळा. उलट गुंडाळली तर घट्ट करताना ती गोळा होऊन बाहेर येते. कार्बनचं नवीन कार्ट्रिज पहिली काही मिनिटं काळं पाणी देतं, ती कार्बनची भुकटी असते. ते पाणी कुंड्यांना द्या. गीझरचं गरम पाणी कार्बनमधून कधी सोडू नका, त्याने पकडलेलं तो परत सोडून देऊ शकतो.

कार्बनच्या बाबतीत धारेवर विसंबू नका. गाळाचं कार्ट्रिज भरलं की धार सांगते, कार्बन संपला तर धार तशीच राहते आणि फक्त वास परत येतो. म्हणून बसवल्याची तारीख मार्करने त्यावरच लिहा आणि पाकिटावर लिहिलेली मुदत पाळा. कार्बन क्लोरीन काढतो म्हणजे जंतूंवरचा पहाराही काढतो. महिनाभर गावाला जाऊन आलात तर आत साचून राहिलेलं पाणी पिऊ नका. घरात लहान बाळ किंवा आजारी माणूस असेल तर मी असं कार्ट्रिज सरळ बदलतो. आणि पावसाळ्यात प्यायचं पाणी गाळलेलं असलं तरी उकळूनच घ्या.

बसवून झाल्यावर रात्री फिल्टरच्या जोडाखाली वर्तमानपत्राचा कोरडा कागद पसरून ठेवा, पण नळाचे थेंब त्यावर पडणार नाहीत असा. सकाळी कागद कोरडा असेल तर जोड बसला. गोल ओला डाग असेल तर टोपी पाव फेरा आवळा आणि दुसऱ्या रात्री पुन्हा कागद ठेवा.