इंजेक्शनचा ताप की पावसाळ्यातला ताप? इंटरफेरॉन घेणाऱ्यांसाठी

इंटरफेरॉन म्हणजे यकृताच्या, रक्ताच्या आणि मज्जासंस्थेच्या काही आजारांत टोचले जाणारे औषध. ते सुरू करताना डॉक्टर सांगतातच, 'इंजेक्शननंतर ताप येईल, घाबरू नका.' पाऊस सुरू होईपर्यंत हे वाक्य कामाचे असते. जूननंतर गोव्यात तेच धोक्याचे ठरू शकते, कारण डेंग्यू, मलेरिया आणि लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) तापही असाच थंडी वाजून, अंग मोडून येतो. रुग्ण पॅरासिटामोल घेऊन पांघरूण ओढून पडतो, घरचे 'इंजेक्शनचाच आहे' म्हणून निर्धास्त राहतात आणि दोन-तीन दिवस फुकट जातात. उलटही घडते. पहिल्या इंजेक्शनच्या रात्री १०२ ताप पाहून माणूस हादरतो, दुकानातून अँटिबायोटिक आणतो आणि पुढचा डोस स्वतःहूनच टाळतो. दोन्ही चुका महागात पडतात, पण पहिली जास्त.

इंटरफेरॉन आता पूर्वीसारखे सर्रास दिले जात नाही. हेपटायटिस सीसाठी २०१३च्या अखेरीस सोफोसबुव्हिर हे गोळीचे औषध आले आणि महिनोन् महिने सुया टोचून घ्यायची वेळ टळली. २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात सीच्या गोळ्या सरकारी रुग्णालयातून मोफत मिळतात. तरी हेपटायटिस बी आणि डीचे काही रुग्ण, पॉलिसायथेमिया व्हेरासारख्या रक्ताच्या आजाराचे काही रुग्ण आणि मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) या मज्जासंस्थेच्या आजाराचे काही रुग्ण आजही इंटरफेरॉनवर असतात. यकृताच्या आणि रक्ताच्या आजारांत अल्फा प्रकारचे, एमएसमध्ये बीटा. हेपटायटिसमध्ये पेगिलेटेड अल्फा, म्हणजे रक्तात सावकाश सुटणारा प्रकार, आठवड्यातून एकदा टोचतात. बीटा प्रकारानुसार आठवड्यातून एकदा, तीनदा किंवा एक दिवसाआड. आपले इंजेक्शन कोणते आणि किती दिवसांनी, हे पाठ हवे. पुढचे सगळे गणित त्यावर आहे.

दोन्ही ताप इतके सारखे का? १९५७ साली लंडनमध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमन यांना इंटरफेरॉन सापडले ते फ्लूच्या व्हायरसवर काम करतानाच. व्हायरस शिरला की शरीरातल्या पेशी हा पदार्थ सोडतात, आणि तापातली कणकण, अंगदुखी, तोंडाची चव जाणे यात त्याचा मोठा वाटा असतो. सुईतून आपण तेच बाहेरून देतो. 'हाडे कुटून काढल्यासारखी वाटतात', 'दोन चादरी घेतल्या तरी हुडहुडी जात नाही' हे इंटरफेरॉनचे रुग्ण सांगतात आणि डेंग्यूचेही, जवळजवळ त्याच शब्दांत. त्यामुळे 'कसे वाटते' विचारून फारसे हाती लागत नाही. 'केव्हा सुरू झाले' हे विचारायचे.

घड्याळ आणि कॅलेंडर

साध्या अल्फाचा किंवा बीटाचा ताप साधारण तीन ते सहा तासांत चढतो आणि चोवीस तासांच्या आत उतरतो. पेगिलेटेड औषध रक्तात सावकाश सुटते, त्यामुळे ताप थोडा उशिरा, त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी येतो आणि कधी कधी अठ्ठेचाळीस तास रेंगाळतो. पहिल्या एक-दोन डोसांचा ताप सर्वात जोरदार. मग काही आठवड्यांत शरीर सरावते आणि नुसती कणकण उरते. बीटाला हे होण्यासाठी तीनेक महिने लागू शकतात.

यावरून तीन प्रश्न निघतात. ताप सुईनंतरच्या ठरल्या तासांत आला का? ठरल्या वेळेत उतरला का? मागच्या डोसांपेक्षा कमी किंवा तेवढाच आहे का? तिन्हींना 'हो' असेल आणि दुसरे काही लक्षण नसेल, तर तो बहुधा इंजेक्शनचा. एकाला जरी 'नाही' असेल, तर पावसाळ्यात तो दुसरा ताप समजूनच चालायचे.

समजा मंगळवारी रात्री नऊला पेगिलेटेड इंजेक्शन घेतले. पहाटे दोनला थंडी, १००.८. बुधवारी दुपारी १००.२, रात्री ९८.६. गुरुवारी कामावर. इथवर सगळे नेहमीचे. मग शनिवारी संध्याकाळी एकदम १०१.६. हा ताप मंगळवारच्या सुईचा नाही. रविवार जाऊ द्यायची वाट न पाहता मलेरिया आणि डेंग्यूच्या तपासणीला जायचे. तसेच, तीन महिने ताप नव्हता आणि चौदाव्या आठवड्यात सुईनंतर पुन्हा १०२ चढला, तर सुईचा दिवस हा योगायोग असू शकतो. जुना ताप परत यायला रास्त कारणे दोनच: डोस वाढवला, किंवा मध्ये खंड पडून पुन्हा सुरू केला. बीटा पाव डोसापासून सुरू करून दर पंधरवड्याला वाढवतात, तेव्हा प्रत्येक पायरीला थोडा ताप येतो.

एक दिवसाआड बीटा घेणाऱ्यांची मात्र पंचाईत आहे. व्हायव्हॅक्स प्रकारच्या मलेरियाचा तापही एक दिवसाआडच येऊ शकतो! इथे दिवस मोजून उपयोग नाही, तास मोजावे लागतात. ताप सुई घेण्याच्या आधी चढतो का, भर दुपारी थंडी वाजून नंतर दरदरून घाम सुटतो का, हे बघायचे. शंका आली तर रक्ताची काच, म्हणजे थेंबभर रक्त काचेवर घेऊन मलेरियाची तपासणी, करून घेणे सर्वात सोपे. सरकारी आरोग्य केंद्रात ती मोफत होते. एक काच निगेटिव्ह आली म्हणून विषय संपत नाही. ताप चालूच असेल तर बारा ते चोवीस तासांनी दुसरी करतात.

हे सगळे वहीत असेल तरच उपयोगाचे. सुईची तारीख, वेळ, जागा. ताप दिवसातून चारदा. गोळी किती वाजता घेतली. ताप गोळीच्या आधी मोजायचा. गोळीनंतर तासाभराने मोजलेला ९९ हा गोळीचा आकडा असतो, आजाराचा नव्हे.

गोळीचेही नियम आहेत. सुई रात्री जेवून झोपण्याआधी घेतली की तापाचा मोठा भाग झोपेत जातो. अर्धा-एक तास आधी पॅरासिटामोल ५०० मिलिग्रॅमची एक गोळी, लागलीच तर सहा तासांनी दुसरी. सिरोसिस (यकृत आकसून कडक होणे) असेल तर चोवीस तासांत २ ग्रॅमच्या वर जायचे नाही: ५००च्या चार किंवा ६५०च्या तीन. सर्दीच्या तयार गोळ्यांतही पॅरासिटामोल असते, ते या हिशेबात धरायचे. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अ‍ॅस्पिरिन पावसाळ्यात स्वतःच्या मनाने अजिबात नको. खराब यकृत आणि कमी प्लेटलेट असताना ती त्रास देतातच, आणि तो ताप डेंग्यूचा निघाला तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. एमएसच्या काही रुग्णांना न्यूरॉलॉजिस्ट बीटासोबत आयब्युप्रोफेन लिहून देतात. त्यांनी जूनमध्येच विचारून ठेवावे की पावसाळ्यात काय करायचे. पाणी, मीठ घातलेली पेज, शहाळे चालेल; पोटात पाणी झालेल्यांनी मीठ आणि पाणी डॉक्टरांनी ठरवून दिले तेवढेच. आणि यकृताचा रुग्ण असेल तर फेणीचा 'औषधापुरता' घोटही नको, उन्हाळ्यात हुर्राकही (काजूची पहिल्या धारेची दारू) नको. हे सांगावे लागू नये, पण लागते.

प्लेटलेटचा घोळ

खरी गफलत रिपोर्ट हातात आल्यावर होते. डेंग्यूत प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी घटतात, हे आता गोव्यात घराघरांत माहीत आहे. इंटरफेरॉननेही दोन्ही घटतात. सिरोसिसमध्ये प्लीहा वाढलेली असते, म्हणून प्लेटलेट मुळातच कमी. त्यामुळे ९०,००० हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. महिन्यापूर्वी तो ९५,००० होता की १,८०,०००, हे हवे. मागचा सीबीसी (रक्तपेशींच्या मोजणीचा) रिपोर्ट घरात सापडत नसेल तर तापाच्या दिवशी डॉक्टरही अंदाजच करणार. शेवटच्या तीन रिपोर्टचे फोटो मोबाइलमध्ये असू द्या, घरातल्या आणखी एकाच्या मोबाइलमध्येही.

इंटरफेरॉनची घसरण सावकाश असते. पहिल्या काही आठवड्यांत आकडे खाली येतात आणि मग एका पातळीवर टिकतात. डेंग्यूत दोन-तीन दिवसांत कोसळतात, आणि त्याच वेळी पीसीव्ही, म्हणजे रक्तातले लाल पेशींचे प्रमाण, चढू लागतो, कारण रक्तातले पाणी बाहेर झिरपत असते. नुसत्या इंटरफेरॉनने पीसीव्ही चढत नाही. रिपोर्ट आला की सगळ्यांची नजर प्लेटलेटवर जाते. पीसीव्हीच्या ओळीकडेही बघा. डेंग्यूची एनएस-१ चाचणी पहिल्या पाच दिवसांत उपयोगी, त्यानंतर आयजीएम, म्हणजे शरीराने तयार केलेल्या अँटिबॉडीची चाचणी.

अल्फा-२ए पेगिलेटेडच्या १८० मायक्रोग्रॅम डोससाठी ठरलेल्या मर्यादा अशा आहेत: प्लेटलेट ५०,०००च्या खाली गेल्या तर डोस ९० वर आणतात, २५,०००च्या खाली थांबवतात. न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ७५०च्या खाली गेले तर १३५, ५००च्या खाली गेले तर थांबवतात. हा निर्णय डॉक्टरांचा. आपण आकडे वेळेवर पोचवायचे. न्यूट्रोफिल ५००च्या खाली असताना ताप आला तर वही, तास, कॅलेंडर सगळे बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय.

आता सर्वात फसवी जागा. डेंग्यूत धोक्याची वेळ ताप चढलेला असताना नसते, ती बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसांत ताप उतरतो तेव्हा सुरू होते. इंटरफेरॉनचा रुग्ण नेमका तेव्हाच म्हणतो, 'बघा, उतरला, सुईचाच होता.' इंजेक्शनचा ताप उतरला की माणूस उठतो, चहा मागतो. डेंग्यूचा उतरला आणि त्यासोबत पोटात सतत दुखणे, उलट्या, हातपाय गार पडणे, लघवी कमी होणे, हिरड्यांतून रक्त किंवा विचित्र सुस्ती असेल, तर १०८ला फोन करायचा. सकाळपर्यंत थांबायचे नाही.

लेप्टो, आणि 'काविळीने पुन्हा उचल खाल्ली'

हेपटायटिस बीच्या रुग्णाचे डोळे पिवळे झाले की घरच्यांचा संशय थेट जुन्या आजारावर जातो. तोही खोटा नाही. इंटरफेरॉन चालू असताना शरीर व्हायरसवर तुटून पडते आणि एसजीपीटी (यकृताला इजा झाल्याचे दाखवणारा रक्तातला आकडा) अचानक चढू शकते. पण जुलैत लावणीला उतरलेल्या, खाजन (खाडीकाठच्या) शेतात किंवा तुंबलेल्या गटाराच्या पाण्यात पाय घातलेल्या माणसात लेप्टो आधी तपासायचा. उंदरांच्या मुतातले जंतू पायाच्या चिरांतून शिरतात आणि बहुधा पाच ते चौदा दिवसांनी ताप येतो, म्हणून आजच्या नव्हे तर मागच्या पंधरवड्याच्या पाण्याची आठवण करायची.

पोटऱ्या दाबून बघा. लेप्टोत त्या इतक्या दुखतात की रुग्ण हात झटकतो. इंटरफेरॉनची अंगदुखी सगळीकडे सारखी पसरलेली असते. डोळे लाल, पण चिपडे नाहीत, हीसुद्धा लेप्टोचीच खूण. रिपोर्टमध्ये हेपटायटिसची उचल असेल तर एसजीपीटी नेहमीच्या कितीतरी पट चढते आणि जोराचा ताप सहसा नसतो. लेप्टोत बिलिरुबिन (काविळीचा आकडा) भरपूर चढते, एसजीपीटी त्या मानाने बेताचीच, आणि मूत्रपिंडाचा आकडा, क्रिएटिनिनही, वाढू लागते. लेप्टोची आयजीएम चाचणी पहिल्या चार-पाच दिवसांत निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून संशय पक्का असेल तर डॉक्टर रिपोर्टसाठी न थांबता उपचार सुरू करतात.

पाऊस संपला म्हणून सुटलो असे गोव्याच्या सत्तरी तालुक्यात म्हणता येत नाही. २०१५पासून तिथे माकडताप (केएफडी) आहे, आणि तो नेमका काजूच्या दिवसांत, गोचिडींमुळे येतो. काजूच्या बागेत जाणाऱ्या इंटरफेरॉनच्या रुग्णाला मार्चमध्ये ताप आला तर डॉक्टरांना बागेचे आणि गोचिडीचे सांगायचेच.

एमएसच्या रुग्णांसाठी एवढेच: ताप कोणताही असो, अंग तापले की जुनी लक्षणे, पायातली ओढ, धूसर दिसणे, तात्पुरती वाढतात. ताप उतरल्यावर ती ओसरली नाहीत तर न्यूरॉलॉजिस्टना कळवा.

दवाखान्यात काय सांगायचे

बांबोळीचे गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) असो, म्हापशाचे जिल्हा रुग्णालय असो की गावचे आरोग्य केंद्र, रात्री कॅज्युअल्टीत बसलेल्या डॉक्टरला तुमची फाइल माहीत नसते. 'इंजेक्शन चालू आहे' एवढे सांगून भागत नाही, त्याला ते इन्सुलिनही वाटू शकते. औषधाचे नाव आणि डोस, शेवटची सुई कधी, ताप किती वाजता सुरू झाला, मागचा सीबीसी, शेवटची पॅरासिटामोल किती वाजता, आणि पंधरा दिवसांत पाण्यात, शेतात, बागेत गेलात का: हे सांगितले की निम्मे काम होते. चवथीला (गणेश चतुर्थीला) गावी जाताना फाइल सोबत न्यायची. सुट्टीत नेमकी तीच घरी राहते.

पुढच्या सुईचे काय? संशयास्पद ताप असेल तर सुई घेण्याआधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना फोन करायचा. आठवड्याच्या पेगिलेटेड डोसला एखादा दिवस उशीर झाल्याने काही बिघडत नाही. मात्र एक डोस चुकवून 'बघू ताप जातो का' हा प्रयोग निष्फळ आहे, कारण पेगिलेटेड औषध रक्तातून जायला कित्येक दिवस लागतात. आणि ज्यांना सुईनंतर तापच येत नाही, त्यांनी औषध लागू पडत नाही असे समजू नये. ते व्हायरल लोडच्या (रक्तातल्या व्हायरसच्या प्रमाणाच्या) किंवा सीबीसीच्या रिपोर्टवरून ठरते, थर्मामीटरवरून नाही.