सिलिंडर ऑइल आणि सिस्टिम ऑइल: एकाच इंजिनाला दोन तेलं कशाला?

मोठ्या मालवाहू जहाजाच्या इंजिनरूममध्ये वंगणाच्या दोन वेगळ्या टाक्या असतात, दोन वेगळ्या पाइपलाइनी असतात आणि बंदरात तेल मागवताना दोन वेगळ्या ऑर्डरी जातात. दोन्ही तेलं शेवटी एकाच इंजिनात जातात. मग हा दुहेरी संसार कशासाठी, असं नवख्याला वाटणं साहजिक आहे. मोटारसायकल, ट्रॅक्टर, शेतावरचा डिझेल पंपसेट, सोसायटीचा जनरेटर या सगळ्यांना आपण एकच इंजिन ऑइल घालतो. ठरलेले तास भरले की काळं झालेलं तेल काढायचं, फिल्टर बदलायचा, नवं ओतायचं. सर्व्हिसिंग म्हणजे ऑइल बदलणं, हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं की जहाजावरही माणूस तेच शोधत बसतो. तिथे मात्र एक तेल बदलायची वेळच येत नाही, कारण ते रोज संपतं. आणि दुसरं सहसा पूर्ण बदलतच नाहीत.

मर्चंट नेव्हीच्या तोंडी परीक्षेत या दोन तेलांतला फरक हा ठरलेला प्रश्न आहे. मुलं उत्तरही ठरलेलं देतात: सिलिंडर ऑइल अल्कधर्मी आणि दाट, सिस्टिम ऑइल पातळ आणि कमी अल्कधर्मी. उत्तर बरोबर आहे, पण त्यातून काहीच कळत नाही. कारण कळायचं असेल तर इंजिनाच्या पोटात डोकावायला हवं.

आपल्या गाडीच्या इंजिनात कनेक्टिंग रॉड थेट पिस्टनला जोडलेला असतो. खाली क्रँकशाफ्ट फिरतो, तेल उडतं, तेच लायनरच्या, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीच्या, भिंतीला लागतं, तेच बेअरिंगमध्ये जातं. वर आणि खाली अशी भिंत नसतेच, म्हणून एक तेल पुरतं. जहाजाच्या संथगती टू-स्ट्रोक इंजिनाची रचना वेगळी. तिथे पिस्टनला एक सरळ उभा दांडा असतो, पिस्टन रॉड. तो खाली क्रॉसहेडला, म्हणजे सरळ वरखाली सरकणाऱ्या सांध्याला, जोडलेला, आणि क्रॉसहेडपासून पुढे कनेक्टिंग रॉड. आकार केवढा म्हणाल, तर 2006 साली पाण्यात उतरलेल्या ‘एमा मर्स्क’ या कंटेनर जहाजाच्या इंजिनाला 14 सिलिंडर आहेत, प्रत्येकाचा व्यास 960 मिलिमीटर आणि पिस्टनचा प्रवास अडीच मीटर. ताकद 80,080 किलोवॅट, आणि फेरे मिनिटाला फक्त 102.

एवढ्या इंजिनात सिलिंडर आणि क्रँककेस (क्रँकशाफ्ट फिरतो ती खालची पेटी) यांच्या मध्ये एक लोखंडी तळ असतो. पिस्टन रॉड त्यातल्या भोकातून वरखाली होतो आणि त्या भोकात बसवलेल्या स्टफिंग बॉक्समधल्या रिंगा त्या दांड्याला चहूबाजूंनी पुसत राहतात. तळाच्या वर आग, काजळी, आम्ल. खाली स्वच्छ, गुळगुळीत बेअरिंगा. वरच्या मजल्यावरचं तेल सिलिंडर ऑइल, खालच्या मजल्यावरचं सिस्टिम ऑइल.

सिलिंडर ऑइल पंपाने मोजून मोजून, लायनरच्या भोवतालच्या छिद्रांतून आत सोडलं जातं. पिस्टन रिंगा ते भिंतीवर पसरवतात. त्यातलं काही जळतं, काही एक्झॉस्टबरोबर निघून जातं आणि उरलेलं खरवडून खाली स्कॅव्हेंज स्पेसमध्ये, म्हणजे सिलिंडरला ताजी हवा देणाऱ्या पिस्टनखालच्या जागेत, पडतं, तिथून ड्रेनने टाकाऊ तेलाच्या टाकीत. परत वापरायला काहीच येत नाही. म्हणूनच त्याचा हिशेब इंधनासारखा ग्रॅममध्ये, प्रति किलोवॅट-तास असा ठेवतात. इंजिन 10,000 किलोवॅटवर चाललंय आणि फीड रेट, म्हणजे तेल सोडण्याचा दर, 0.8 ग्रॅम आहे असं धरा. तासाला 8 किलो, दिवसाला 192 किलो. तोच दर 0.6 वर आणला तर रोजचे 48 किलो वाचतात. चीफ इंजिनिअर आणि ऑफिस यांच्यातल्या निम्म्या ई-मेल याच आकड्यावरून होतात म्हटलं तरी चालेल. मग सरळ कमी का नाही करायचा? इथेच या तेलाची दुसरी कामगिरी येते, आणि माझ्या मते वंगणापेक्षा तीच मोठी आहे.

जहाजाच्या जड इंधनात गंधक असतं. ते जळलं की त्याची ऑक्साइडं होतात, त्यांना ज्वलनातलं पाणी भेटतं आणि सल्फ्युरिक आम्ल तयार होतं. लायनरची भिंत पुरेशी गरम असेल तर हे आम्ल वाफेच्या रूपात बाहेर निघून जातं. भिंत थंड असेल तर तिच्यावर दव पडावं तसं ते जमतं आणि लोखंड खायला लागतं. याला कोल्ड करोजन म्हणतात. 2008 च्या मंदीनंतर इंधन वाचवायला जहाजं मुद्दाम हळू चालवू लागले, इंजिनं कमी भारावर, भिंती थंड, आणि लायनर झपाट्याने झिजू लागले. वेग कमी केल्यावर इंजिनाला आराम मिळतो हा समज तिथे साफ खोटा ठरला.

या आम्लाला मारण्यासाठी सिलिंडर ऑइलमध्ये अल्कधर्मी द्रव्यं घातलेली असतात, मुख्यतः कॅल्शियमची. ती किती आहेत हे बेस नंबर, म्हणजे बीएन, सांगतो. इंधनात गंधकाची कमाल मर्यादा साडेतीन टक्के होती तेव्हा 70 किंवा 100 बीएनचं तेल सर्रास चाले. 1 जानेवारी 2020 पासून आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने ती मर्यादा 0.50 टक्क्यांवर आणली आणि बहुतेक जहाजं 40 बीएनच्या आसपास आली. ज्यांनी धूर धुणारे स्क्रबर बसवले ती अजूनही जास्त गंधकाचं इंधन जाळू शकतात, त्यामुळे त्यांना जुनं, जास्त बीएनचंच तेल लागतं. शेजारशेजारी उभ्या असलेल्या दोन सारख्या जहाजांची तेलं म्हणूनच वेगळी असू शकतात.

बीएन जास्त असलेलं बरं, निदान सुरक्षित तरी, असं इथे वाटू शकतं. तसं नाही. मारायला आम्लच नसेल तर उरलेलं कॅल्शियम पिस्टनच्या वरच्या कडेवर टणक थर होऊन बसतं. तो थर लायनरला घासतो, तेलाचा पडदा फाटतो, भिंत आरशासारखी चकचकीत होते आणि मग रिंगा व लायनर एकमेकांना ओरबाडायला लागतात. भिंतीवर तेल धरून ठेवायला थोडा खडबडीतपणा लागतोच, त्यामुळे किंचित गंज खरं तर चालतो. दिसायला सुंदर, गुळगुळीत लायनर बघून खूश होणारा माणूस मला नेहमी संशयास्पद वाटतो. तेल जास्त सोडण्याचा आणखी एक धोका: न जळलेलं तेल आणि काजळी स्कॅव्हेंज स्पेसमध्ये साचते, ड्रेन तुंबलेला असला तर तिला आग लागते.

फीड रेट ठरवायला म्हणून दोन गोष्टी बघतात. एक, पिस्टनखालून गोळा केलेल्या तेलाचा नमुना: त्यात लोह किती आहे आणि बीएन किती शिल्लक आहे. लोह वाढलं आणि बीएन तळाला गेलं तर आम्ल जिंकतंय. लोह कमी आणि बीएन भरपूर उरलंय तर तेल वाया जातंय. दोन, बंदरात इंजिन थांबल्यावर टर्निंग गिअर लावून इंजिन हळूहळू फिरवायचं आणि स्कॅव्हेंज पोर्टमधून टॉर्च मारून रिंगा बघायच्या. गरम, तेलकट, जेमतेम शरीर मावेल अशी ती जागा. प्रयोगशाळेचा कागद कितीही आला तरी रिंग ओली आहे की कोरडी, हे डोळ्यांनीच कळतं.

सुटे भाग बदलले की हा सगळा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. नवी रिंग आणि नवा लायनर एकमेकांशी जुळेपर्यंत फीड रेट मुद्दाम वाढवून ठेवतात आणि टप्प्याटप्प्याने खाली आणतात. घाईने खाली आणलेला दर नव्या लायनरचं आयुष्य पहिल्याच सफरीत कमी करतो.

आता खालचा मजला. सिस्टिम ऑइल संपमधून, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीतून, पंपाने उचललं जातं, थंड होतं, गाळणीतून जातं, मुख्य बेअरिंग, क्रॉसहेड, क्रँकपिन यांना भेटतं, आजच्या बहुतेक इंजिनांत पिस्टनच्या पोटात जाऊन त्याला थंड करतं आणि परत संपमध्ये पडतं. इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या इंजिनांत तर हेच तेल, आणखी बारीक गाळणीतून जाऊन, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडण्याचं हायड्रॉलिक काम करतं. साधारण एसएई 30 चा दाटपणा, तर सिलिंडर ऑइल बहुधा एसएई 50. बीएन पाचाच्या आसपास. त्याला आम्लाशी झगडायचं नसतं, पाणी चटकन सोडून द्यायचं असतं. प्युरिफायर दिवसरात्र त्यातून पाणी आणि गाळ काढत असतो, त्यासाठी तेल 90 अंशांच्या आसपास तापवतात. असं सांभाळलं की हजारो लिटरचा हा साठा वर्षानुवर्षं चालतो. जेवढं कमी होईल तेवढी भर घालायची, बस. सर्व्हिसिंग म्हणजे इथे सहसा बदलणं नसतं, दर काही महिन्यांनी नमुना लॅबला पाठवणं असतं. पाणी 0.2 टक्क्यांच्या वर गेलं की कुठून शिरतंय ते शोधायला लागायचं. फ्लॅश पॉइंट, म्हणजे तेलाची वाफ पेट घेते ते तापमान, घसरला तर कुठेतरी इंधन गळून मिसळतंय.

आणि बीएन वाढलं तर? आकडा वाढला म्हणजे तेल सुधारलं, असं वाचणारे लोक आहेत. खरं तर वरच्या मजल्यावरचं वापरलेलं सिलिंडर ऑइल खाली झिरपतंय. सोबत दाटपणाही वाढलेला दिसतो. दोष बहुतेक वेळा स्टफिंग बॉक्सचा.

हा स्टफिंग बॉक्स मला या सगळ्या गोष्टीतला सर्वांत दुर्लक्षित भाग वाटतो. तुकड्यातुकड्यांच्या रिंगा, त्यांना आवळून धरणारी बारीक स्प्रिंग, एवढंच त्याचं बांधकाम. वरच्या रिंगा काजळीचं तेल खरवडून वरच ठेवतात, मधल्या स्कॅव्हेंजची हवा अडवतात, खालच्या सिस्टिम ऑइल खाली परत पाठवतात. दोन्हींतून जे निसटतं ते मधल्या ड्रेनने वेगळ्या टाकीत जातं. हा ड्रेन रोज किती येतो हे ज्याच्या वहीत लिहिलेलं असतं, त्याला लॅबच्या रिपोर्टची वाट बघावी लागत नाही. पिस्टन बाहेर काढला की स्टफिंग बॉक्सही दांड्याबरोबर वर येतो, तेव्हाच त्याच्या रिंगा मोजून बदलाव्यात. पिस्टन रिंगांवर पैसे खर्च करून या रिंगा ‘अजून चालतील’ म्हणून परत बसवणं हे मी बचत मानत नाही. संपमधलं हजारो लिटर तेल त्या चार रिंगांच्या भरवशावर असतं.

मच्छीमार ट्रॉलर, टग, जहाजावरचे जनरेटर, कारखान्यातली मध्यमगती फोर-स्ट्रोक इंजिनं यांत हा सवालच येत नाही. तिथे क्रॉसहेड नाही, एकच तेल दोन्ही कामं करतं. जड इंधन जाळणाऱ्या अशा इंजिनाच्या तेलाचं बीएन मात्र 30 ते 55 इतकं ठेवतात आणि ते घसरलं की तेल काढून बदलतात किंवा ताज्याची भर घालतात. मुख्य इंजिनाचं सिस्टिम ऑइल जनरेटरमध्ये ओतायचा मोह होतो तो इथेच. दोन्ही क्रँककेसमध्येच तर जातात! पण जनरेटरच्या तेलाला आम्लही सोसायचं असतं.

दोन तेलांमधली ही भिंत अलीकडे एका बाजूने ओलांडलीही जाते. काही जहाजांवर मिश्रणयंत्र असतं: संपमधलं वापरातलं सिस्टिम ऑइल घ्यायचं, त्यात तीव्र बीएनचं द्रव्य मिसळायचं आणि त्या दिवशीच्या इंधनाला हवं तेवढ्या बीएनचं सिलिंडर ऑइल जहाजावरच बनवायचं. संपमध्ये तेवढं ताजं तेल भरलं जातं, म्हणजे सिस्टिम ऑइलही हळूहळू नवं होत राहतं.

उलट दिशेने मात्र कधीच नाही. ताजं सिलिंडर ऑइल चुकून संपमध्ये गेलं तर नुसता दाटपणा वाढून भागत नाही. त्यातली सफाई करणारी द्रव्यं पाण्याला तेलात धरून ठेवतात, आणि प्युरिफायर फिरत असूनही पाणी निघेनासं होतं. सिस्टिम ऑइल सिलिंडरला दिलं तर जास्त गंधकाच्या इंधनावर त्याचं तुटपुंजं बीएन लगेच संपतं आणि आम्ल लायनरला भिडतं. बंकर घेताना, म्हणजे जहाजावर तेल भरून घेताना, नळी कोणत्या तोंडाला लावली हे तपासायला म्हणूनच दुसरा माणूस उभा करायचा, आणि बार्जवाल्याच्या पावतीवरचं तेलाचं नाव व्हॉल्व्ह उघडण्याआधी वाचायचं.