ट्रेलर घेऊन अमेरिका फिरत फिरत काम करायचंय? स्टेटस, पत्ता आणि कागदपत्रं आधी बघा

दर उन्हाळ्यात आमच्या मंडळाच्या ग्रुपवर कोणीतरी विचारतंच, पिकअप आहे, कॅम्पर ट्रेलर बघून ठेवलाय, दोघंही रिमोट आहोत, तर सहा महिने फिरत काम केलं तर चालेल का. मग ट्रेलर कुठला घ्यावा, सोलर किती वॅटचं लावावं यावर धडाधड उत्तरं येतात, पण तुमचं स्टेटस काय आहे, म्हणजे कुठल्या व्हिसावर किंवा कार्डावर आहात, हे कोणी विचारत नाही आणि सगळं अडतं ते तिथेच. आम्ही दोघं ग्रीन कार्ड आल्यावर सात महिने असे राहिलो, त्यात जे जे करावं लागलं आणि मित्रमंडळींच्या केसमध्ये जे कळलं ते लिहितेय. तुमच्या केसबद्दल मात्र शेवटचा शब्द वकिलाचाच.

आधी कोणाला चालतं ते बघू. सिटिझन आणि ग्रीन कार्डवाल्यांना इमिग्रेशनची आडकाठी नाही, त्यांना फक्त कंपनी, टॅक्स आणि पत्ता हे तीन विषय सोडवायचे असतात. एच-४ ईएडीवाल्यांचं (एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांचे जोडीदार, ज्यांना कामाची परवानगी मिळालेली असते) कार्ड कुठल्याही एका कंपनीला किंवा जागेला बांधलेलं नसतं, त्यामुळे त्यांनाही कुठल्याही राज्यातून काम करता येतं. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर ओपीटी (शिक्षणाशी संबंधित कामाची तात्पुरती परवानगी) चालू असेल तर पत्ता बदलल्यावर १० दिवसांत कळवावा लागतो, आणि स्टेम ओपीटी (विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांना मिळणारी त्याची मुदतवाढ) असेल तर आय-९८३ या ट्रेनिंग प्लॅनच्या फॉर्ममध्ये कामाची जागा लिहिलेली असते म्हणून आधी कॉलेजच्या डीएसओशी, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांचे कागद बघणाऱ्या अधिकाऱ्याशी, बोला. आई-बाबा व्हिजिटर व्हिसावर आले असतील तर त्यांना खुशाल सोबत न्या, पण भाचा बी-२ वर येऊन ट्रेलरमध्ये बसून आपल्या पुण्याच्या ऑफिसचं काम करणार असेल तर करू देऊ नका, तो व्हिसा फिरण्यासाठी आहे, कामासाठी नाही.

आता एच-१बी, कारण आपल्यातले सगळ्यात जास्त लोक यातच आहेत आणि सगळ्यात मोठा गैरसमजही इथेच आहे. "ऑफर लेटरमध्ये रिमोट लिहिलंय म्हणजे कुठूनही चालतं" असं लोक धरून चालतात. तसं नाहीये. तुमच्या पिटिशनच्या (कंपनीने तुमच्यासाठी केलेल्या एच-१बीच्या अर्जाच्या) आधी कंपनीने लेबर डिपार्टमेंटकडे एलसीए नावाचा अर्ज भरलेला असतो, त्यात तुम्ही कुठे बसून काम करणार ती जागा असते आणि पगाराची किमान पातळी त्या भागाच्या हिशोबाने ठरते. रिमोटवाल्यांच्या एलसीएवर बहुतेक वेळा घराचाच पत्ता असतो. त्या मेट्रो एरियाच्या (शहर आणि त्याच्या आजूबाजूचा परिसर) बाहेर कामाची जागा हलली तर आधी नवीन एलसीए आणि अमेंडेड आय-१२९, म्हणजे त्या पिटिशनचा सुधारित फॉर्म, भरावा लागतो, २०१५ च्या सिमिओ सोल्युशन्स या इमिग्रेशन केसच्या निकालापासून हे पक्कं झालेलं आहे आणि जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या एच-१बी नियमांतही ते लिहिलंय.

उदाहरण घ्या. घर डॅलसला आहे, ट्रेलर रे रॉबर्ट्स लेकच्या स्टेट पार्कात डेंटन काउंटीत लावला, तर तो भाग डॅलस-फोर्ट वर्थ मेट्रोतच येतो, अमेंडमेंट लागत नाही, फक्त कंपनीला एलसीएची नोटीस त्या नव्या जागीही लावावी लागते. तोच ट्रेलर टेक्सासमधल्याच पण लांबच्या बिग बेंड नॅशनल पार्कला नेला आणि तिथून सोमवारी लॉगइन केलं की राज्य तेच असलं तरी एरिया बदलला. राज्याची सीमा इथे महत्त्वाची नाही, मेट्रोची आहे, हे लक्षात ठेवा.

थोड्या दिवसांसाठी एक सवलत आहे, वर्षाला ३० कामाचे दिवस, आणि मूळ ऑफिसशी संबंध टिकून असेल, तिथे बराच वेळ जात असेल आणि घरही तिथेच असेल तर ६०. पण ही सवलत कंपनीने कामासाठी पाठवलं तर या हिशोबाने लिहिलेली आहे, त्यात राहण्या-जेवण्याचा खर्च कंपनीने द्यायचा असतो, त्यामुळे स्वतःच्या हौसेच्या ट्रिपला ती लावायची का हे कंपनीच्या वकिलाने ईमेलवर लिहून दिल्याशिवाय ठरवू नका. सुट्टी टाकून फिरायला काहीच अडचण नाही, लॅपटॉप उघडला की प्रश्न सुरू होतो. माझं मत विचाराल तर दर दोन आठवड्यांनी राज्य बदलायचा प्लॅन एच-१बीवर करूच नका, ग्रीन कार्डची इतक्या वर्षांची रांग एका कॅम्पग्राउंडसाठी पणाला लावण्यात अर्थ नाही. मेट्रोच्या आत वीकडेज काढा आणि लांबच्या ठिकाणांसाठी सुट्टी वापरा.

ग्रीन कार्ड असो वा व्हिसा, राहता पत्ता बदलला की १० दिवसांत यूएससीआयएसला (इमिग्रेशन खात्याला) एआर-११ फॉर्मने कळवायचं असतं, ऑनलाइन होतं, सिटिझनना लागत नाही. त्यात राहता पत्ता आणि टपालाचा पत्ता वेगवेगळा विचारतात, तिथे मेलबॉक्सचा पत्ता राहता म्हणून टाकू नका. कुठलीही केस चालू असेल, म्हणजे आय-४८५ (ग्रीन कार्डचा अर्ज), ईएडी (कामाच्या परवानगीचं कार्ड) वगैरे, तर कार्ड हातात येईपर्यंत थांबा असं मी कळकळीने सांगेन, कारण कार्डाचं पाकीट पोस्टाचं फॉरवर्डिंग लावलं तरी पुढे न जाता परत पाठवलं जाऊ शकतं.

मग कायमचा पत्ता. घर सोडून ट्रेलरमध्येच राहणारे लोक साउथ डकोटा, टेक्सास नाहीतर फ्लोरिडा निवडतात, तिन्हीकडे पगारावर स्टेट टॅक्स नाही. आम्ही साउथ डकोटा केलं. आधी मेल फॉरवर्डिंगवाल्याकडे पीएमबी (खाजगी मेलबॉक्सचा पत्ता) घ्यायचा, त्यासाठी पोस्टाचा फॉर्म १५८३ भरायचा, दोन ओळखपत्रं लागतात आणि सही नोटरीसमोर किंवा त्या एजंटसमोर. मग राज्यात किमान एक रात्र हॉटेलात किंवा आरव्ही पार्कात राहायचं आणि वर्षाच्या आतली पावती जपायची. ती पावती, पीएमबीचा पुरावा, रेसिडेन्सी अ‍ॅफिडेव्हिट, पासपोर्ट, ग्रीन कार्ड, सोशल सिक्युरिटीचा पुरावा आणि जुनं लायसन्स घेऊन ड्रायव्हर लायसन्स ऑफिसला जायचं. आमच्या आरव्ही पार्कच्या पावतीवर फक्त नवऱ्याचं नाव होतं, मला काउंटरवरून परत यावं लागलं, पार्कवाल्या आजींनी बिचाऱ्यांनी दोन मिनिटांत दोघांच्या नावाची नवी पावती छापून दिली म्हणून त्याच दिवशी काम झालं. पावतीवर दोघांची नावं, अगदी स्पेलिंगसकट, निघायच्या आधी बघून घ्या. आणि जाण्याआधी राज्याच्या साइटवरची चालू यादी एकदा वाचा.

लायसन्सच्या अर्जात मतदार नोंदणी करायची का असा प्रश्न येतो. ग्रीन कार्डवाल्यांनी तिथे नाहीच म्हणायचं. घाईत चुकून हो झालं तर पुढे सिटिझनशिपला फार मोठा त्रास होतो, डिपोर्टेशनपर्यंत गोष्ट जाऊ शकते, म्हणून सही करायच्या आधी तो चौकोन परत बघा.

न्यू जर्सीत स्वतःचं घर आहे, मुलं तिथल्या शाळेत आहेत आणि फक्त टॅक्स वाचवायला डकोटाचा पीएमबी घेतला तर तो टिकणार नाही, तुमचं खरं घर कुठे आहे हेच टॅक्सवाले बघतात. शिवाय ज्या राज्यात बसून काम केलं त्या राज्याला त्या दिवसांच्या कमाईवर टॅक्स भरावा लागू शकतो. प्रत्येकाची मर्यादा वेगळी, इलिनॉयमध्ये बाहेरच्या माणसाला ३० दिवसांपर्यंत सूट आहे, काही राज्यांत पहिल्या दिवसापासून मोजतात. न्यू यॉर्कचं ऑफिस असेल तर तुम्ही अ‍ॅरिझोनात बसून काम केलं तरी न्यू यॉर्क बहुतेक वेळा टॅक्स मागतं. म्हणून साधी वही ठेवा, तारीख, गाव, राज्य, काम केलं की नाही, आणि कॅम्पग्राउंडची पावती त्यातच स्टेपल करा. एचआरकडून लेखी परवानगी घ्या आणि त्यात राज्यांची नावं आणि तारखा असू द्या, मॅनेजर तोंडी हो म्हणाला तर पेरोलला ते माहीत नसतं. हेल्थ इन्शुरन्सचं नेटवर्क दुसऱ्या राज्यात चालतं का तेही त्याच ईमेलमध्ये विचारून टाका.

सिटिझनशिपचा अर्ज जवळ आला असेल तर अजून एक. एन-४०० हा सिटिझनशिपचा फॉर्म भरायच्या आधीचे ३ महिने तुम्ही ज्या राज्यातून किंवा यूएससीआयएस डिस्ट्रिक्टमधून अर्ज करताय तिथे राहिलेलं असावं लागतं आणि ५ वर्षांचे पत्तेही विचारतात. आम्ही म्हणूनच ट्रिप आधी उरकली, आता एका जागी थांबलोय.

कागद गाडीच्या पुढच्या भागात ठेवा, मागे ट्रेलरमध्ये नाही. टेक्सास, न्यू मेक्सिको, अ‍ॅरिझोनाच्या दक्षिणेत हायवेवर बॉर्डर पेट्रोलचे चेकपॉइंट आहेत, बिग बेंडहून परत येताना लागतोच. १८ वर्षांवरच्या ग्रीन कार्डवाल्याने कार्ड कायम जवळ बाळगणं कायद्याने बंधनकारक आहे, फोटो चालत नाही. व्हिसावाल्यांनी पासपोर्ट, आय-९४ (देशात आल्याची नोंद) आणि आय-७९७ (मंजुरीची नोटीस) ची प्रिंट ठेवा, फोनमध्ये पीडीएफ असून उपयोग नाही कारण तिथे बऱ्याचदा नेटवर्क नसतं. आणि अलास्काला रस्त्याने जायचं असेल तर मध्ये कॅनडा लागतो, ग्रीन कार्डवाल्याला चालू पासपोर्ट आणि कार्ड पुरतं, एच-१बीवरच्या भारतीय पासपोर्टवाल्याला कॅनडाचा व्हिसा आधी काढावा लागतो.