दहा किलोमीटर आणि सात सेंटिमीटर

इंदूरला महाराणी रोडवर टीव्ही घ्यायला गेलात तर टीव्हीपेक्षा केबलचंच बोलणं जास्त लांबतं. टीव्हीवर दुकानदाराला फारसं सुटत नाही, कारण त्याची किंमत आपण आधीच फोनवर चार ठिकाणी बघून आलेलो असतो. केबलची किंमत कोणी बघून येत नाही. मग बिल करता करता तो म्हणतो, "भिया, इत्ता महँगा टीवी ले रिये हो, तार दो सौ का लगाओगे?" आणि काउंटरवर जाळीदार आवरणाची, सोनेरी टोकांची, दोरखंडासारखी जाड एचडीएमआय केबल (बॉक्समधून टीव्हीत चित्र आणि आवाज नेणारी) येऊन पडते. होम थिएटर घेणाऱ्यांना हाच प्रश्न स्पीकरच्या वायरीबद्दल पडतो. तिथे तर मीटरला तीस रुपयांपासून काही हजारांपर्यंत काहीही मिळतं.

दोन्हीकडे तांबंच आहे आणि दोन्हीकडे वीजच वाहते. तरी स्पीकरच्या वायरीला जे लागू पडतं ते एचडीएमआयला लागू पडत नाही. कारण तरंगलांबी.

माणसाच्या कानाची वरची मर्यादा साधारण २० किलोहर्ट्झ (सेकंदाला २० हजार कंपनं). चाळिशी ओलांडलेल्यांनी त्यातले पाच-सहा आधीच वजा करावेत. केबलमधून संकेत सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर वेगाने जातो, म्हणजे २० किलोहर्ट्झच्या एका तरंगाची लांबी झाली १० किलोमीटर. राजवाड्यावरून निघालात तर विमानतळ मागे पडेल, तेव्हा कुठे एक तरंग पुरा होईल. तुमची स्पीकरची वायर पाच मीटरची. एवढ्या लांब तरंगापुढे ती जवळजवळ नसल्यासारखीच. तिची विणकाम केलेली रचना, 'संकेताच्या गतीशी जुळवलेलं' इन्सुलेशन, ह्यातलं काहीही त्या तरंगाला जाणवत नाही. तिथे राहतो तो मुख्यतः एकच गुण: रोध, म्हणजे तारेत विजेला होणारा अडथळा.

आता एचडीएमआय बघा. ४के चित्र सेकंदाला ६० वेळा दाखवायचं तर केबलमधून सेकंदाला जवळजवळ १८ गिगाबिट जावे लागतात. ते तीन जोड्यांत वाटले जातात, म्हणजे एकेका जोडीवर सहाच्या आसपास. एका तरंगात दोन बिट बसतात, म्हणून ह्या वेगाच्या संकेताची तरंगलांबी भरते सुमारे सात सेंटिमीटर. दोन मीटरच्या केबलमध्ये असे तीस तरंग एकामागून एक उभे असतात. इथे मात्र जोडीला दिलेला पीळ, दोन तारांमधलं अंतर, टोकाचा सोल्डरचा डाग, सगळं मोजावं लागतं.

केबल फारच लांब असली की काय होतं हे लोकांना १८५८ साली कळलं. त्या वर्षी अटलांटिकच्या तळाशी पहिली तार टाकली गेली. व्हिक्टोरिया राणीचा ९८ शब्दांचा संदेश पलीकडे पोहोचायला १६ तास लागले आणि काही आठवड्यांत ती तार मेलीच. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, ह्यांनी त्याच सुमारास बाजारातल्या तांब्याचे नमुने तपासले होते. एकाचं तांबं आणि दुसऱ्याचं तांबं ह्यांच्या वहनक्षमतेत मोठी तफावत त्यांना सापडली. शुद्ध तांब्याचा आग्रह तिथून सुरू झाला, आणि हजारो किलोमीटरच्या तारेसाठी तो अगदी रास्त होता. पुढे १९१३ मध्ये तांब्याच्या वहनक्षमतेचं आंतरराष्ट्रीय मानक ठरलं. आज घराच्या फिटिंगची नामांकित वायर ते मानक सहज गाठते. 'ऑक्सिजन-फ्री' म्हणून जे महाग तांबं विकलं जातं ते ह्याच्या फार तर एखाद टक्का पुढे असतं.

एक टक्क्याने काय होतं ते गणितानेच बघू. अडीच एमएमची (म्हणजे अडीच चौरस मिलिमीटर छेदाची) साधी मल्टिस्ट्रँड वायर घ्या. अॅम्प्लिफायरपासून स्पीकर पाच मीटरवर आहे, जाऊन-येऊन दहा मीटर. रोध भरतो ०.०८ ओहम. स्पीकर ८ ओहमचा. वायरीत जे हरवतं ते डेसिबलच्या दहाव्या भागाहूनही कमी. संचासोबत फुकट येणारी केसासारखी वायर अर्ध्या एमएमची धरली तर रोध ०.४ ओहमच्या जवळ जातो आणि ०.४ डेसिबल हरवतात. हे अगदी लक्ष देऊन ऐकणाऱ्याला कदाचित जाणवेल. हीच वायर पंधरा मीटर ओढलीत तर मात्र स्पीकरच्या वाट्याचं बरंच काही वायरच खाईल, आणि स्पीकरचा रोध सगळ्या स्वरांना सारखा नसल्याने आवाजाचा तोलही थोडा बिघडेल. म्हणून पहिला खर्च जाडीवर करावा. इलेक्ट्रिकच्या दुकानातली अडीच एमएम घरातल्या बहुतेक खोल्यांना पुरते. चार ओहमचे स्पीकर असतील किंवा हॉल मोठा असेल तर चार एमएम घ्या आणि विषय संपवा.

चांदी तांब्यापेक्षा पाच-सहा टक्केच बरी. अडीच एमएम चांदीचं काम २.६५ एमएम तांबं करतं. सोनं तर वीज वाहून नेण्यात तांब्याच्याही मागे आहे. त्याचा गुण एवढाच की ते गंजत नाही, म्हणून टोकांना त्याचा मुलामा देतात. तो इतका पातळ असतो की सराफ्यात त्याचं वजनही कोणी करणार नाही. 'स्किन इफेक्ट' हा शब्द विक्रेत्यांचा लाडका. वारंवारता वाढली की वीज तारेच्या कडेकडेने जाऊ लागते हे खरं आहे. पण २० किलोहर्ट्झलाही ती तांब्यात जवळजवळ अर्धा मिलिमीटर खोलवर शिरते. आपल्या ०.०८ ओहमचे त्यामुळे ०.१ झाले, तर झाले.

आता ज्याने चाळीस हजारांची वायर घेतली आहे तो म्हणेल, "मला फरक ऐकू येतो." त्याला खोटारडा म्हणायचं कारण नाही. २००८ साली हिल्के प्लासमन, बाबा शिव ह्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. एकच वाइन लोकांना दोनदा दिली, एकदा कमी किंमत सांगून आणि एकदा जास्त. मेंदूच्या स्कॅनमध्ये दिसलं की 'महाग' वाइन पिताना सुखाशी निगडित भागात खरोखरच जास्त हालचाल होते. लोक उगाच तारीफ करत नव्हते, त्यांना ती जास्त आवडतच होती. केबलचंही असंच होत असावं, असं मला वाटतं. शिवाय आवाज किंचित मोठा झाला की कान त्याला 'मोठा' न म्हणता 'स्वच्छ' म्हणतो. शोरूममध्ये दोन केबल ऐकवताना आवाजाची पातळी मोजून सारखी केली का, हे कोण विचारतं?

ह्यावरचा उपाय बेल प्रयोगशाळेतल्या मन्सन आणि गार्डनर ह्यांनी १९५० मध्येच मांडला होता. आधी 'अ' ऐकवा, मग 'ब', मग ह्या दोघांपैकी कुठलातरी एक, न सांगता. ऐकणाऱ्याने ओळखायचं. अंदाजाने निम्मी उत्तरं बरोबर येतातच, त्याहून बरीच जास्त आली तर फरक खरा. २००७ साली जेम्स रँडी ह्या जादूगाराने एका अमेरिकी कंपनीच्या ७,२५० डॉलरच्या केबलजोडीवर १० लाख डॉलर लावले होते. साध्या चांगल्या केबलपासून ती कानाने वेगळी ओळखून दाखवा आणि बक्षीस न्या. बोलणी झाली, वादही झाले, पण चाचणी काही झाली नाही.

मला ह्यात गंमत वाटते ती वेगळीच. आपल्या इंदूरच्या उस्ताद अमीर खाँसाहेबांचा मंद्रातला षड्ज आज आपल्यापर्यंत येतो, तो माइकपासून ध्वनिमुद्रण यंत्रापर्यंत स्टुडिओतल्या रोजच्या वापराच्या केबलमधूनच आलेला आहे. वाटेत टेपची खरखर मिसळली. एवढ्या प्रवासानंतर शेवटच्या दोन मीटरची चांदी त्यात काय भर घालणार? उलट तो स्वर ज्या खोलीत वाजतो तिच्याकडे कोणी बघत नाही. चार मीटर लांबीच्या खोलीत ४३ हर्ट्झला आणि त्याच्या पटीत आवाजाच्या स्थिर लाटा उभ्या राहतात. एका कोपऱ्यात खर्ज घुमतो, सोफ्यावर गायब. हा फरक दहा डेसिबलचाही असू शकतो. त्यात आपल्याकडे गुळगुळीत फरशी, रिकाम्या भिंती आणि काचेच्या खिडक्या. स्पीकर भिंतीपासून दोन फूट पुढे ओढा, जाड पडदे लावा, समोर सतरंजी अंथरा. केबलच्या पैशांत हे सगळं होऊन पैसे उरतील.

ऑडिओत केबलचा फरक खरोखर कुठे पडतो? संकेत अगदी दुबळा असतो तिथे. रेकॉर्ड प्लेअरच्या नेहमीच्या मूव्हिंग मॅग्नेट सुईतून जेमतेम पाच मिलिव्होल्ट निघतात, आणि केबलची धारिता (विजेचा भार साठवून धरण्याची क्षमता) त्या सुईच्या वरच्या स्वरांवर परिणाम करते. इथे छोटी, कमी धारितेची केबल घेणं शहाणपणाचं, आणि ती महाग असलीच पाहिजे असं नाही. इलेक्ट्रिक गिटारचंही तेच. रवींद्र नाट्यगृहासारख्या सभागृहात माइकचा असाच क्षीण संकेत खूप लांब न्यावा लागतो. तिथे एकाच आवाजाची सुलटी आणि उलटी अशी दोन रूपं पीळ दिलेल्या जोडीतून पाठवतात. वाटेत शिरलेली ५० हर्ट्झची गुणगुण दोन्ही तारांत सारखीच शिरते आणि शेवटी वजाबाकीत उडून जाते. घरी सबवूफर घूं करत असेल तर बहुधा केबल 'हलकी' नसते. दोन उपकरणं दोन वेगळ्या प्लगांवर असतात आणि दोन अर्थिंगांमध्ये एक वेटोळं तयार झालेलं असतं. दोन्ही एकाच बोर्डावर लावून बघा.

आणि स्वस्तातही एक लबाडी आहे. अॅल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचं पातळ कवच चढवून ती तांब्याची म्हणून विकतात. तिची वहनक्षमता तांब्याच्या साधारण दोन तृतीयांशच असते आणि टोकं पटकन तुटतात. ब्लेडने एक तार खरवडा, आत पांढरं दिसलं की दुकानात परत द्या.

आता त्या सात सेंटिमीटरकडे. एचडीएमआयची केबल वाईट असू शकते, ह्यात शंका नाही. पण ती वाईट असल्याचं कसं दिसेल? गच्चीवर अँटेना होता तेव्हा संकेत कमजोर पडला की दूरदर्शनच्या पडद्यावर मुंग्या यायच्या; चित्र मात्र मुंग्यांतूनही चालू असायचं. डिशचं तसं नाही. आषाढात इंदूरवर जोराचा पाऊस आला तरी चित्र आधी लखलखीत असतं, मग एकदम चौकोन-चौकोन होऊन फुटतं, मग काळा पडदा. एचडीएमआयही डिजिटलच. बिट पोहोचला किंवा नाही पोहोचला. कमी पडणाऱ्या केबलवर पांढरे ठिपके चमकतात, मध्येच चित्र जातं, आवाज तुटतो. 'काळा रंग जास्त गडद' किंवा 'त्वचेचा रंग नैसर्गिक' असं केबलने होऊ शकत नाही. तसं व्हायला बिटांना ठरवून बदलावं लागेल, आणि तारेला तेवढी अक्कल नसते.

म्हणून आधी केबलमधून काय जाणार ते बघा. साधं फुल एचडी चित्र साडेचार गिगाबिटमध्ये भागतं, सेट-टॉप बॉक्सला कुठलीही धड केबल चालते. सिनेमे टीव्हीतल्याच ॲपवर बघत असाल तर चित्र एचडीएमआयमधून जातच नाही, ते वायफायने थेट टीव्हीत उतरतं. ४के बॉक्स असेल तर 'प्रीमियम हाय स्पीड', आणि मुलांना सेकंदाला १२० चित्रांवर गेम खेळायचे असतील तर ४८ गिगाबिटची 'अल्ट्रा हाय स्पीड'. ही नावं खोक्यावर असतात आणि सोबत फोनने स्कॅन करून पडताळता येणारं लेबल असतं. '२.१ केबल', '८के गोल्ड सीरीज' वगैरे छापलेलं मनावर घेऊ नका. आवृत्तीचा आकडा उपकरणाचा असतो, केबलचा नाही. लेबल पटलं की दोन मीटरपर्यंत सर्वांत स्वस्त प्रमाणित केबल आणि सर्वांत महाग केबल तुमच्या डोळ्यांना एकच.

लांबी वाढली की हिशोब बदलतो. ४८ गिगाबिट तांब्यातून नेताना तीन-पाच मीटरनंतरच दम लागायला लागतो. छतावर प्रोजेक्टर बसवून पंधरा मीटर केबल भिंतीतून न्यायची असेल, तर काचतंतूची (ऑप्टिकल फायबर) एचडीएमआय घ्यावी लागेल. तिच्या दोन्ही टोकांना छोटे इलेक्ट्रॉनिक भाग असतात, विजेचं प्रकाशात आणि प्रकाशाचं पुन्हा विजेत रूपांतर करणारे, म्हणून ती महाग असते, आणि ते पैसे वाजवी आहेत. स्पीकरच्या महाग वायरीवर छापलेल्या बाणाला अर्थ नसतो, तिथे वीज सेकंदाला शेकडो-हजारो वेळा इकडून तिकडे जात असते. पण ह्या केबलच्या एका टोकावर 'सोर्स' आणि दुसऱ्यावर 'डिस्प्ले' लिहिलेलं असतं, आणि ते अक्षरशः खरं असतं. उलटी लावली तर काहीच दिसत नाही. मिस्त्रीला पायपात केबल ओढायला देण्याआधी ती जमिनीवर पसरून टीव्हीला जोडून बघा, कुठलं टोक कुठे जाणार ते त्याला दाखवा, आणि मगच प्लास्टर करू द्या.