लेऑफपासून पुट ऑफपर्यंत: फ्रेझल व्हर्ब शिकण्यामागची पार्श्वभूमी

सोलापुरात फ्रेझल व्हर्ब, म्हणजे क्रियापदाला 'ऑफ', 'आउट'सारखा छोटा शब्द जोडून वेगळा अर्थ देणारी इंग्रजी रचना, क्लासच्या वहीत येण्याच्या कितीतरी आधी गिरणीच्या फाटकावर आली. जुनी मिल ही इथली कापडगिरणी ऑगस्ट १९४९ मध्ये बंद पडली आणि जानेवारी १९५० मध्ये सरकारने वटहुकूम काढून तिचा कारभार ताब्यात घेतला. हा 'टेकओव्हर'. 'लॉकआउट', म्हणजे मालकाने केलेली टाळेबंदी, १९४७ च्या औद्योगिक कलह कायद्यात होताच, १९५३ मध्ये त्यात 'लेऑफ'च्या, म्हणजे काम देता येत नाही म्हणून कामगाराला तात्पुरतं बसवून ठेवण्याच्या, भरपाईची तरतूद आली. ही नामं खरी, पण तयार झाली ती ले ऑफ, लॉक आउट या क्रियापदांपासून. इंग्रजीचा एक धडाही न शिकलेल्या कामगाराला दोहोंतला फरक कळत होता, कारण चूल त्यावर अवलंबून होती.

शाळेने हा धागा कधी उचलला नाही. मराठी माध्यमात इंग्रजी बराच काळ पाचवीपासून होतं, २००० पासून पहिलीपासून आलं. पण भाषांतराची जुनी सवय, एका शब्दाला एक शब्द, टिकून राहिली. 'पोस्टपोन' म्हणजे पुढे ढकलणे हे त्या चौकटीत बसलं, त्याच अर्थाचं दोन शब्दांचं 'पुट ऑफ' बसेना. परक्यांना इंग्रजीत सर्वांत जड जाते ती हीच रचना, असं १७५५ च्या एका इंग्रजी कोशाच्या प्रस्तावनेतच म्हटलेलं आहे. 'फ्रेझल व्हर्ब' हे नाव मात्र छापून आलं १९२५ मध्ये.

आपल्याकडे खरा घोळ झाला तो या नावाच्या मराठीकरणात. गाइडांनी सरसकट 'वाक्प्रचार' लिहिलं. त्यामुळे 'गिव्ह अप' आणि 'कंबर कसणे' एकाच रांगेत बसले, आणि दोन्ही घोकायचे असं ठरून गेलं. वाक्प्रचार अख्खा पाठ केला की भागतं. फ्रेझल व्हर्बमध्ये कर्म कुठे ठेवायचं हेही कळावं लागतं. 'पुट इट ऑफ' बरोबर, 'पुट ऑफ इट' चूक. उलट 'लुक आफ्टर हर' बरोबर, 'लुक हर आफ्टर' चूक. पहिल्यातला 'ऑफ' क्रियाविशेषणासारखा वागतो, दुसऱ्यातला 'आफ्टर' नामाला चिकटतो. म्हणून काही व्याकरणकार 'लुक आफ्टर'ला फ्रेझल व्हर्ब मानतच नाहीत, तर कोशकार दोन्ही एकत्र ठेवतात. हा वाद विद्यार्थ्याला सांगायलाच हवा. तो लपवल्यामुळेच स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी हुशार मुलंसुद्धा सर्वनामापाशी अडतात.

मराठीत जवळचं नातं आहे ते संयुक्त क्रियापदाचं: 'खाल्लं' आणि 'खाऊन टाकलं'. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरात 'तिनेशाडु' म्हणतात, कन्नड घरात 'तिंदुबिट्ट'. खाणं संपवून टाकल्याची जी छटा या तिन्हींत आहे, तीच 'ईट अप'मधल्या 'अप'ने येते. ज्या शहरात एका वर्गात या तिन्ही भाषांची मुलं बसतात, तिथे या तुलनेने सुरुवात न करणं हे मोठं नुकसान आहे.

गेल्या काही दशकांत शिकवण्याची दिशा बदलली. १९८९ च्या एका ब्रिटिश कोशाने अप, ऑफ, आउट या शब्दांनुसार वेगळी सूची दिली. २०१५ मध्ये संशोधकांनी सर्वाधिक वापराच्या १५० फ्रेझल व्हर्बची यादी त्यांच्या मुख्य अर्थांसह काढली. आपल्या क्लासांत अजून ए ते झेड याद्याच जास्त चालतात. 'ऑफ'खाली 'सेट ऑफ', 'कॉल ऑफ', 'पुट ऑफ' एकत्र लिहिले की दूर सरण्याचा, तुटण्याचा समान अर्थ दिसू लागतो. त्या रांगेत 'ले ऑफ'ही येतो, आणि त्याचा अर्थ आजोबांना विचारता येतो.